बचावाची वही: अकरा लढती झाल्या, नऊ राहिल्या

बॉक्सिंगच्या वीस जुन्या लढती व्हिडिओवर बघून, कोण किती ठोसे चुकवतो ते दिवाळीपर्यंत मोजून संपवतो, असं मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. नाही झालं. सोयाबीनची आवक सुरू झाली की लातूरच्या मोंढ्यात मुनिमाला रात्री नऊच्या आत सुटका नसते. दिवसभर कट्ट्यांच्या नोंदी करायच्या आणि घरी येऊन परत ठोशांच्या नोंदी करायच्या. बायको म्हणते, तुम्हाला मोजायचा रोगच लागलाय.

तर अकरा लढती पूर्ण झाल्या आहेत. प्रश्न तोच: बचावात सगळ्यांत थोर बॉक्सर कोण, आणि उगाच डोक्यावर घेतलेला कोण? मोजायला तिघं. मी, पुतण्या (इंजिनिअरिंगला आहे, अमेरिकन बॉक्सर फ्लॉइड मेवेदरचा भक्त) आणि निलंगा तालुक्यातले आमचे मामा. मामांनी बॉक्सिंगचा ग्लोव्ह कधी हातात धरलेला नाही, पण जत्रेतल्या कुस्त्या पस्तीस वर्षं केल्या.

पद्धत पहिल्यासारखीच. आवाज बंद, कारण समालोचक ज्याच्या बाजूनं ओरडतो त्याचेच ठोसे आपल्याला दिसतात. वेग निम्मा. एक फेरी तिघांनी वेगवेगळी मोजायची आणि मग आकडे ताडून बघायचे. आधी दोनच रकाने होते, ‘लागला’ आणि ‘चुकला’. या हिशोबात मेवेदर प्रत्येक वेळी वर यायचा आणि पुतण्या कॉलर ताठ करायचा.

ते मामांनी मोडलं. एका रात्री अर्धी फेरी बघून म्हणाले, “हे नुसतं पळायलंय की! पळणं येगळं, सुटणं येगळं.” मग समजावून सांगितलं. आखाड्याच्या कडंकडंनं फिरणाऱ्या पैलवानाचा पट (पायाची पकड) कुणाला घावत नाही, पण त्याला लोक शिट्ट्या मारतात, हलगीवालासुद्धा हात आवरता घेतो. दुसरा एखादा पट देतो, धरू देतो आणि धरलेल्यातून सुटतो. त्याला कुणी शिट्टी मारत नाही.

म्हणून वही नव्यानं आखली. चुकवलेला ठोसा आता तीन जागी जातो: पायानं (मागं सरकून किंवा बाजूला होऊन), धडानं (जागेवर झुकून, वळून) आणि हातानं (अडवून, झटकून). चौथा रकाना, चुकवल्यावर तिथूनच उलटा ठोसा दिला का. जुन्या सात लढती परत मोजाव्या लागल्या. पंधरा दिवस गेले, पण चित्र पार बदललं.

सगळ्यांत जास्त बदललं ते व्हिटेकरच्या लढतीत. १० सप्टेंबर १९९३, सॅन अँटोनियो. समोर मेक्सिकोचा हुलिओ सेझार चावेझ, ८७ लढतींत एकही हार नाही. अमेरिकेचा पर्नेल व्हिटेकर डावखुरा. आपला पुढचा पाय चावेझच्या पुढच्या पायाच्या बाहेर ठेवतो आणि तिथंच उभा राहतो, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ. चावेझचा हुक (कोपरात वाकवून बाजूनं मारलेला ठोसा) येतो तेव्हा हा गुडघ्यातून इतका खाली बसतो की ठोसा डोक्यावरून वाऱ्यासारखा जातो. उठताना जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) देऊनच उठतो. ‘धड’ आणि ‘उलटा’ हे दोन रकाने भरून वाहिले, ‘पाय’ जवळजवळ मोकळा.

खरी अडचण मधल्या फेऱ्यांत आली. माझी पेन्सिल थांबायला लागली. मला वाटलं डुलकी लागली, म्हणून मागं नेऊन परत बघितलं. तसं नव्हतं, चावेझच मारायचा थांबत होता. खांदा हलायचा, हात निघायचा नाही. आधीचे चार हुकलेत, पाचवा मारला तर उलट काय येईल याचा विचार त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. आता हा न मारलेला ठोसा कोणत्या रकान्यात लिहायचा? त्याला अजून उत्तर सापडलेलं नाही. सध्या मी समासात नुसती टिंबं देतो. टिंबं सगळ्यांत जास्त व्हिटेकरच्या पानावर आहेत, म्हणून माझ्या लेखी पहिला नंबर त्याचा. निकाल? दोन जजनी ११५-११५ गुण दिले, तिसऱ्यानं ११५-११३ व्हिटेकर. लढत बरोबरीत. मामा म्हणाले, “आमच्या जत्रेतले पंच बरे.”

मामांचा लाडका मात्र वेगळाच निघाला: अर्जेंटिनाचा निकोलिनो लोचे. १२ डिसेंबर १९६८, टोकियो, समोर पॉल फुजी. लोचे दोरीला टेकतो, हात खाली सोडतो आणि नुसती मान, खांदे, कंबर हलवतो. फुजी मारून मारून इतका थकला की दहाव्या फेरीला स्टुलावरून उठलाच नाही. “न मारता चीत केलं की ओ!” मामांनी ती फेरी तीनदा लावायला लावली. लोचेचे ११७ विजय, त्यांतले नॉकआउट फक्त १४. माझी तक्रार एकच, बहुतेक लढती त्यानं घरच्या मैदानात केल्या. मामांना ती मान्य नाही.

जुन्या काळच्या अमेरिकन विली पेपबद्दल थोडक्यात. २२९ विजय. जानेवारी १९४७ ला विमान अपघातात सापडला आणि त्याच वर्षी रिंगमध्ये परतला. १९४६ साली एकही ठोसा न मारता फेरी जिंकली, ही जॅकी ग्रेव्हजच्या लढतीची गोष्ट सगळे सांगतात, पण त्या काळच्या पेपरातल्या वर्णनात तो त्या फेरीत ठोसे मारताना दिसतो. वहीत ती घेतली नाही. सँडी सॅडलरविरुद्धची फेब्रुवारी १९४९ ची घेतली. ‘पाय’ रकाना सगळ्यांत भरलेला याचाच. तरी मामांनी शिट्टी मारली नाही. “ह्ये जातंय, पण वापस येतंय.”

आता भांडणाचा विषय. डोक्यावर घेतलेला कोण? मी मोहम्मद अलीचं नाव घेतलं आणि मामांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या गावच्या तालमीत मारुतीच्या तसबिरीखाली अलीचं जुनं कॅलेंडर होतं. अली थोर बॉक्सर नव्हता असं मी म्हणतच नाही, बाबांनो. नोव्हेंबर १९६६ ला क्लीव्हलँड विल्यम्सला जवळ येऊ न देणारा अली बघावाच. पण तो बचाव पायांचा आणि वयाचा होता. हात खाली ठेवून सरळ मागं डोकं ओढायची सवय वाईटच. १९६३ ला हेन्री कूपरच्या डाव्या हुकनं तो पडला, आणि १९७१ ला पंधराव्या फेरीत जो फ्रेझरच्या डाव्या हुकनंच परत पडला. मध्ये आठ वर्षं गेली, चूक तीच राहिली. आणि १९७४ ला किन्शासात दोरीला टेकून जॉर्ज फोरमनचे ठोसे अंगावर घेतले, त्याला जिगर म्हणा, डोकं म्हणा. ‘हात’ रकाना भरला, पण ‘लागला’सुद्धा भरला. लोचेची दोरी आणि अलीची दोरी शेजारी लावून बघा.

मामा दोन दिवस मोजायला आले नाहीत.

मेवेदरला मी डोक्यावर घेतलेला म्हणत नाही. त्याची खांदा फिरवायची (ठोसा खांद्यावरून घसरवायची) युक्ती त्यानंच काढली असं पोरं समजतात, तेवढं चूक. त्याच्या आधी जेम्स टोनी तेच करत होता. मे २०१४ मध्ये अर्जेंटिनाच्या मायदानानं खांद्यावरून उजवा हात टाकून त्याच युक्तीला भोक पाडलं. तरी मेवेदर पन्नासच्या पन्नास लढती जिंकला. माझ्याकडं तो तिसरा, लोचेच्या खाली. पुतण्या म्हणतो, काका, तुमची वहीच विकत घेतलेली आहे.

राहिलेल्या नऊपैकी पुढची विल्फ्रेड बेनिटेझची: मार्च १९७६, सतराव्या वर्षी अँटोनिओ सर्व्हान्टेसकडून विश्वविजेतेपद. इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला टाकलीय, ती आली की सुरू. आणि समासातल्या टिंबांना कुणाकडं रकान्याचं नाव असेल तर सांगा. मामांनी ‘भ्याला’ सुचवलंय, पुतण्याला ते पटलेलं नाही.