दोन बाणांचा व्हिडिओ

दिवा इथल्या अंगणवाडीत त्या बुधवारी लसीकरण होतं. एमआरची, म्हणजे गोवर-रुबेलाची पाच डोसची कुपी पहिल्या बाळासाठी फोडली आणि लेबलवर वेळ टाकली, १०.४०. द्रावण मिसळलं की ही लस चारच तास चालते. उरलेली टाकून द्यायची.

दुसरं नाव अकरा महिन्यांच्या मुलीचं. उजव्या हाताची बाही वर केली, तेवढ्यात आईने तिला छातीशी ओढलं. "मॅडम, आधी हे बघा."

मोबाइलवर पांढऱ्या कोटातला माणूस, स्वच्छ मराठीत सांगतोय की ही लस घेतलेल्या मुलींना पुढे मूल होत नाही. रुबेलाच्या लसीबद्दल असं बोलावं! गरोदरपणात रुबेला झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय बिघडू शकतं. मुलीचं उद्याचं बाळ धड जन्मावं म्हणून तर ही लस. हे सगळं तिला सांगितलं. तिने व्हिडिओवरच्या दोन बाणांवर बोट ठेवलं. "कितीजणांनी पाठवलाय बघा. खोटं असतं तर एवढी माणसं पाठवतील का?"

ते बाण सावध करायला आहेत. पाच किंवा जास्त हातांतून फिरलेल्या मेसेजला व्हॉट्सॲप ते लावतं, आणि २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पुढे पाठवता येतो. तिच्या लेखी ते साक्षीदार होते. आमच्या आशाताईकडे तोच व्हिडिओ बाणांशिवाय आलेला. कुणीतरी गॅलरीतून नव्याने टाकला, की झालं, मोजणी पुन्हा शून्यावर.

एका व्हिडिओ ॲपवरही तो सापडला. रात्री तक्रार केली. नवव्या दिवशी उत्तर आलं: नियमभंग आढळला नाही. तपासणाऱ्याला मराठी येत होतं का, हे डोक्यातून जात नाही. २०२२ मध्ये मुंबईत गोवराने मुलं गेली, त्याला फार वर्षं झाली नाहीत. आणि आम्हाला वरून पोस्टरं येतात, मोबाइलवर दाखवायला मिनिटभराचा मराठी व्हिडिओ कुणी देत नाही.

त्या बुधवारी शेवटी ती आईच म्हणाली, "तुम्ही बोला, मी घरच्या ग्रुपवर टाकते." सव्वा मिनिट बोलले. तिने पाठवलं. पाच मिनिटांत सासूबाईंचा फोन आला आणि ती बाळाला घेऊन गेली.

कुपी लस गार ठेवायच्या कॅरिअरच्या फोमच्या खाचेत ठेवून २.४० पर्यंत दाराकडे बघत बसले. चार डोस टाकावे लागले. पुढच्या सत्राच्या यादीत तिच्या मुलीचं नाव सगळ्यात वर लिहिलंय.