एक्स-रे नॉर्मल होता, तरी खुबा आतून मरत होता: माझा एव्हीएनचा अनुभव

रक्तपुरवठा तुटून खुब्याचं हाड मरायला लागतं, म्हणजेच एव्हीएन होतो, तेव्हा बहुतेक वेळा काहीच कळत नाही. दुखणं सुरू होतं ते बऱ्याच उशिरा, आणि तेही भलतीकडेच. मला जांघेत आणि गुडघ्यात दुखायचं, म्हणून सुरुवातीला उपचार झाले ते गुडघ्यावर.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत मला कोविड झाला. ऑक्सिजन लावला, स्टेरॉइड दिलं. त्या औषधाने मी वाचले, याबद्दल आजही माझ्या मनात किंतु नाही. पुढच्या वर्षी संक्रांतीला सुगडं पुजून उठताना उजव्या जांघेत कळ आली. नंतर स्कूटरवर बसताना, पायाची नखं काढताना तीच कळ. एक्स-रे नॉर्मल आला. 'स्नायू आखडलाय' म्हणून गोळ्या आणि शेक. मग रात्री कूस बदलतानाही ठणका लागायला लागला, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी मला पाठीवर झोपवलं, गुडघा वाकवून पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला नेलं. असं केलं की मांडी खुब्यात आतल्या बाजूला वळते. डावा पाय सहज वळला. उजवा थोडासाच वळून अडला आणि मी टेबलाची कड घट्ट धरली.

"एमआरआय करू या. दोन्ही खुब्यांचा."

"पण सर, डावा दुखत नाही."

"म्हणूनच करायचा."

उजवा दुसऱ्या टप्प्यात निघाला आणि न दुखणारा डावा पहिल्या.

मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक असतात. त्या बंद पडल्या तर रक्ताला दुसरी पुरेशी वाट नसते. स्टेरॉइड, दारू, खुब्याजवळचं फ्रॅक्चर, सिकलसेल अशी कारणं वेगवेगळी, पण शेवट तिथेच. आतल्या पेशी मरतात, हाडाचा सांगाडा मात्र उभा राहतो आणि वजनही पेलतो. या पहिल्या टप्प्यात एक्स-रे स्वच्छ असतो, बिघाड फक्त एमआरआयवर दिसतो. मग शरीर दुरुस्तीला लागतं, आणि खरा घात तिथेच होतो. मेलेलं हाड कडेने खाऊन काढलं जातं, पण नवं हाड त्या वेगाने भरत नाही. एक्स-रेत पांढरट पट्टे आणि पोकळ डाग दिसतात, तो दुसरा टप्पा. गोळा अजून गोलच असतो. तिसऱ्यात कूर्चेच्या, म्हणजे गोळ्यावरच्या गुळगुळीत आवरणाच्या, लगेच खालचं हाड मोडतं, तिथे चंद्रकोरीसारखी काळी रेघ उमटते आणि गोळा चपटा होत जातो. कूर्चेचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, त्यामुळे ती तोवर जिवंत असते. खालचा आधार गेला की तीही झिजते, पाठोपाठ गोळा ज्यात बसतो ती वाटी खराब होते. हा चौथा टप्पा, म्हणजे सांध्याचा पूर्ण संधिवात.

गोळा वाचवायची संधी मुख्यतः पहिल्या दोन टप्प्यांत असते. म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आहे' या वाक्यावर गेलेल्या महिन्यांचा मला अजून राग येतो.

उजव्या बाजूला कोअर डीकम्प्रेशन केलं. त्यात मांडीच्या हाडातून वर गोळ्यापर्यंत भोक पाडून आतला दाब कमी करतात. काही आठवडे वॉकर, त्या पायावर पूर्ण वजन नाही. शिवाय आठवड्यातून एक गोळी, सकाळी रिकाम्या पोटी, आणि ती घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. डाग मोठा होता आणि नेमका जिथे वजन पडतं तिथे होता. एवढं करूनही गोळा टिकेलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं.

टिकला नाही. वर्षभराने एसटीतून उतरताना पायच टेकवेना. एक्स-रेत ती चंद्रकोर होतीच, आणि पुढे काही महिन्यांत पाय थोडा आखूड झाला. मग सांधा बदलला. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले तेव्हा टाके दुखत होते, पण जांघेतली ती कळ नव्हती. इतक्या दिवसांनी ती नाही म्हणून मी तिथेच रडले.

आता वर्गात खुर्ची, घरी कमोड. मांडी घालून बसायचं नाही, हळदीकुंकवालाही मी खुर्चीच मागते. डाव्या खुब्यातला डाग लहान आहे आणि वजनाच्या जागेपासून बाजूला. वर्षाआड त्याचा एमआरआय होतो आणि गोळा अजून गोल आहे. माझ्याच कोविड वॉर्डात स्टेरॉइड घेतलेल्या एका ताईंची जांघ दुखायला लागली, तेव्हा मी त्यांना एवढंच सांगितलं: एक्स-रेवर थांबू नका, एमआरआय करून घ्या, दोन्ही बाजूंचा.