श्रीलंकेचा दक्षिण किनारा: बॅकपॅक प्रवासाचा शेवटचा टप्पा

श्रीलंकेत डोंगर आधी आणि समुद्र शेवटी, हा क्रम आम्हा दोघांना अगदी मानवला. एल्लाच्या चढउतारांनी पाय बोलायला लागले होते, पाठीवरच्या सॅकमध्ये धुतलेला कपडा शोधून सापडत नव्हता. अशा वेळी मातराकडे जाणाऱ्या बसमध्ये बसून खाली समुद्राकडे उतरणं फार सुखाचं वाटलं. मागून येणाऱ्यांना एकच कळकळीचं सांगणं आहे: या टप्प्यात नवीन गावं वाढवू नका. तंगाल्ले, मिरिस्सा, गॉल, बस्स. 'आता आलोच आहोत तर' म्हणून एखाद्या अभयारण्याची सफारी मध्ये घुसवली की शेवटचे दिवस नुसते बस पकडण्यात जातात.

आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो. दक्षिणेचा चांगला काळ डिसेंबर ते एप्रिल. मे ते सप्टेंबरमध्ये नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे इथला समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पूर्वेचा अरुगम बे गाठावा.

तंगाल्लेला गर्दी कमी. किनारा देखणा, पण पाणी पुष्कळ ठिकाणी ओढ घेणारं आहे. स्थानिक लोक जिथे उतरत नाहीत तिथे आपणही उतरू नये. कधी प्रवाहात सापडलात तर थेट किनाऱ्याकडे पोहण्याची झटापट करू नका. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर पडा, मग वळा. जवळच्या रेकावाला रात्री समुद्री कासवं अंडी घालायला येतात. तिथे बॅटरी, मोबाईलचा फ्लॅश अजिबात नको. पांढऱ्या उजेडाने मादी अंडी न घालताच माघारी फिरते. नवऱ्याने तर फोन खोलीवरच ठेवला. अंधारात वाळू उकरल्याचा आवाज आधी आला आणि कासव बऱ्याच वेळाने दिसलं. गॉलच्या पुढे रस्त्याकडेला कासवांच्या हॅचरी, म्हणजे अंडी उबवून पिल्लं वाढवण्याची केंद्रं, लागतात. टाकीतलं कासव हातात देऊन फोटो काढू देणाऱ्या ठिकाणी जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

मिरिस्साला लोक येतात ते निळ्या देवमाशासाठी. पृथ्वीवरचा हा सर्वांत मोठा प्राणी इथे किनाऱ्यापासून फार लांब नसतो, कारण समुद्राचा तळ जवळच एकदम खोल होतो. बोटी सकाळी लवकर सुटतात. मळमळीची गोळी बोटीत चढण्यापूर्वीच घ्या, लाटा सुरू झाल्यावर घेऊन उपयोग होत नाही. बोट ठरवताना भाव विचारण्याआधी माशाच्या किती जवळ नेता ते विचारा. 'अगदी जवळ' असं उत्तर आलं तर दुसरी बोट बघा. देवमाशांना या भागात मोठ्या जहाजांच्या वाटेचा त्रास आधीच पुष्कळ आहे, त्यात आपल्या पाठलागाची भर नको.

गॉलला मात्र मुक्काम हवाच, धावती भेट नको. पोर्तुगीजांनी सुरू केलेला आणि डचांनी 1640 मध्ये घेतल्यावर भक्कम केलेला हा किल्ला 1988 पासून जागतिक वारसा यादीत आहे. आपल्याकडचे किल्ले बहुतेक ओस पडलेले. इथे तटाच्या आत लोक राहतात, मुलं शाळेत जातात, मशिदीतून अजान ऐकू येते. संध्याकाळी तटावरून पूर्ण फेरी मारा. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला क्रिकेटचं मैदान, तेच जिथे मुरलीधरनने 2010 मध्ये आपल्याविरुद्ध 800वा बळी घेतला. 2004 च्या त्सुनामीत हे मैदान उद्ध्वस्त झालं होतं आणि 2007 अखेरीस इथे पुन्हा कसोटी खेळली गेली. तटावर बसून आम्ही दोघं बराच वेळ त्या हिरवळीकडे बघत होतो.

परतीचा प्रवास ट्रेननेच करा. गॉलला चढलात तर कोलंबोकडे जाताना समुद्र डावीकडे असतो. मातरा किंवा वेलिगामाहून बसलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा: गॉल स्थानकात रूळ संपतात, इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी उलट दिशेने निघते. तोवर समुद्राच्या बाजूला असलेली तुमची खिडकी तिथून पुढे जमिनीच्या बाजूला येते. तेव्हा गॉलला जागा बदला. अनारक्षित तिकीट खिडकीवर मिळतं, रोख सुटे जवळ ठेवा. रविवारी संध्याकाळी आणि पोया म्हणजे पौर्णिमेच्या सुट्टीला गर्दी फार असते. हिक्कडुवानंतर पेरलिया येतं. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामीच्या लाटांनी इथे भरलेली गाडी रुळांवरून उचलून फेकली आणि हजाराहून जास्त माणसं गेली. आज गाडी तिथून सहज पुढे जाते. आम्ही दोघंही तेवढा वेळ बोललो नाही.

विमानाच्या दिवशी दक्षिणेहून निघू नका. गॉल ते कोलंबो ट्रेनला अडीच-तीन तास लागतात, आणि विमानतळ कोलंबोच्याही उत्तरेला कटुनायकेला आहे. शेवटची रात्र निगोंबोला काढा, तिथून विमानतळ जवळ पडतो. सॅक तिथेच नीट भरा: ओले कपडे वेगळ्या पिशवीत, बुटांतली वाळू झटकून. किनाऱ्यावरचे प्रवाळ आणि शंख बरोबर घेऊ नका. प्रवाळ देशाबाहेर नेणं बेकायदा आहे. पहाटेचं विमान असेल तर टुकटुक आदल्या संध्याकाळीच गेस्टहाऊसवाल्यांकडून ठरवून घ्या आणि भाडं तेव्हाच बोलून ठेवा.