चार की पाच

सोमवारी सकाळी लॅब उघडायला गेले तर तो पायरीवरच बसलेला. मांडीवर थर्माकोलचा डबा, त्याला चारही बाजूंनी खाकी चिकटपट्टी. सोलापूरहून रात्रीच्या एसटीने आला होता. मला बघून उठला आणि डबा दोन्ही हातांनी पुढे केला. "मॅडम, एकदम थंड ठेवलंय. इंदापूरला बर्फ बदलला, भिगवणला परत बदलला."

मी झाकण काढलं. आईच्या रक्ताची ट्यूब बर्फाच्या पाण्यात तरंगत होती.

रक्त म्हटलं की बर्फ, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की ज्याने रक्त काढलं त्यानेही "थंडच ठेवा हं" असं बजावून पाठवलं होतं. रक्तातल्या कर्कपेशी मोजण्याच्या आमच्या तपासणीची ट्यूब मात्र वेगळी असते. तिच्यात पेशी टिकवणारं रसायन आधीच घातलेलं असतं. ती साध्या खोलीतल्या तापमानाला, १५ ते ३० अंशांत, ९६ तासांपर्यंत चांगली राहते. फ्रिजमध्ये ठेवायची नाही, बर्फात तर नाहीच. म्हणजे त्याने रात्रभर काहीच केलं नसतं, ट्यूब पिशवीत टाकून झोपला असता, तरी चाललं असतं.

हे सांगताना मला शब्द सापडेनात. तो भांडला असता तर सोपं गेलं असतं. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे मी बर्फ घातला म्हणून वाया गेलं?" मी म्हटलं, तुमची चूक नाही, सांगणाऱ्याने चुकीचं सांगितलं. त्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे. जरा वेळाने उठला. "आता बाटली नको. आईलाच घेऊन येतो."

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खरंच घेऊन आला.

गेली अकरा वर्षं मी स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या बायकांच्या रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशी मोजते. आमच्या भाषेत सीटीसी. पण पेशंट मला दिसत नाहीत. दिसतात बारकोड. ह्या बाई दारातून आत आल्या आणि खुर्चीवर बसण्याआधी पदर नीट करत मला म्हणाल्या, "तुमीच का त्या मोजणाऱ्या बाई?"

डावीकडचं स्तन आणि काखेतल्या गाठी काढलेल्या, म्हणून त्या हाताला सुई टोचायची नाही. उजव्या हाताच्या शिरा केमोने सुतळीसारख्या कडक झालेल्या. आमचे रक्त काढणारे मामा हातावर गरम पाण्याची पिशवी ठेवून दहा मिनिटं गप्पा मारत बसले. मनगटाच्या वर एक शीर मिळाली. मामांनी आधी एक साधी ट्यूब भरून बाजूला ठेवली, मग आमची लावली. सुई कातडीतून जाताना तिथल्या दोन-चार पेशी सोबत ओढून नेऊ शकते. त्या पहिल्या ट्यूबमध्ये गेलेल्या बऱ्या, नाहीतर आम्ही कातडीलाच कॅन्सर समजून बसायचो. मी विचारलं, लाल औषध कधी चालू होतं? हे लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, स्वतःच चमकतं आणि आमचे चमकते रंग त्यात बिघडतात, म्हणून ते दिल्यावर निदान सात दिवस थांबावं लागतं. "ते जाऊन दोन वर्सं झाली. केसं पार गेलती तवा," त्या म्हणाल्या. आता दुसरं औषध चालू होतं, पुढचा डोस गुरुवारी.

ट्यूब हातात घेऊन त्यांनी उजेडाकडे धरली. "ह्यात हायत व्हय ते? मला तर काय दिसंना."

दिसायच्या कशा? आमच्या कामाला लागतं साडेसात मिलिलिटर रक्त, दीड चमचा म्हणा. तेवढ्यात तीनएक हजार कोटी लाल पेशी आणि तीन-चार कोटी पांढऱ्या. त्या गर्दीत शोधायच्या पेशी असल्या तर बोटांवर मोजण्याइतक्या. १८६९ साली ऑस्ट्रेलियात ॲशवर्थ नावाच्या डॉक्टरने एका मृत रुग्णाच्या रक्तात गाठीतल्यासारख्या पेशी पाहिल्या आणि तसं लिहून ठेवलं. पण ह्या पेशी रोजच्या कामात भरवशाने मोजता यायला शंभराहून जास्त वर्षं जावी लागली.

बाई बाहेर चहा घेत होत्या, मी आत कामाला लागले. रक्तात साडेसहा मिलिलिटर बफर, म्हणजे पेशींना न दुखावणारं पातळ द्रावण, मग सेंट्रिफ्यूजमध्ये गुरुत्वाकर्षणाच्या ८०० पट जोराने दहा मिनिटं गरगर फिरवायचं. थांबताना ब्रेक लावायचा नाही, नाहीतर बसलेले थर ढवळून निघतात. पुढचं यंत्र करतं. लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांवर प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. ती एपकॅम नावाचं प्रथिन अंगावर असलेली पेशी पकडतात, आणि चुंबक त्या पेशींना बाजूला ओढतो. एपकॅम असतं आतल्या अस्तराच्या पेशींवर, रक्ताच्या पेशींवर नसतं. मात्र काही कर्कपेशी भटकायला निघताना हे प्रथिन अंगावरून उतरवून ठेवतात, आणि त्या आमच्या चुंबकाला सापडतच नाहीत. म्हणून रिपोर्टवर शून्य आलं की नातेवाईक पेढे आणायला निघतात, तेव्हा मला कसंतरीच होतं.

चुंबकाने ओढलेल्यातही हजारो पांढऱ्या पेशी लोचटासारख्या चिकटून येतात. त्यांना वेगळं काढायला रंग. केंद्रकाचा एक, अस्तराच्या पेशींत असणाऱ्या केराटिन प्रथिनाचा दुसरा, आणि पांढऱ्या पेशीची खूण असलेल्या सीडी-४५ चा तिसरा. गोल किंवा लांबट, निदान चार मायक्रॉनची (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), केंद्रक आत नीट बसलेलं, केराटिन आहे, सीडी-४५ नाही, अशी असेल तरच ती आमची. यंत्र संशयितांची छोटी चित्रं ओळीने मांडून देतं. हो की नाही हे माणसाने ठरवायचं.

रात्री साडेआठला चित्रं आली. चार पेशी अगदी पुस्तकात छापाव्यात अशा. पाचवीपाशी मी अडले. केराटिन फिकं. केंद्रक ठीक. आकार जेमतेम. आणि सीडी-४५ च्या चौकटीत एक धूसर सावली, जी खरीही असू शकते किंवा शेजारच्या पेशीच्या चमकेचा ओघळही.

एरवी इतका विचार कुणी करत नाही. पण पाच हा आकडा साधा नाही. पसरलेला कर्करोग असलेल्या १७७ स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात हीच रेघ ओढली होती. उपचाराआधी पाच किंवा जास्त पेशी सापडलेल्यांत निम्म्या जणींचा आजार २.७ महिन्यांत पुन्हा वाढला, पाचाच्या आत असलेल्यांत त्याला ७ महिने लागले. तेव्हापासून जगभर चार म्हणजे अलीकडे आणि पाच म्हणजे पलीकडे.

मी 'नाही' लिहिलं. माझी शिकाऊ मुलगी दुसऱ्या संगणकावर स्वतंत्रपणे बघत होती, तिने 'हो' लिहिलं. तिला समजावायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ती पेशी मला खरंच 'नाही' वाटत होती, की मघाशी ट्यूब उजेडाकडे धरलेला तो हात डोळ्यांपुढे होता? अकरा वर्षांत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पडायची वेळच आली नव्हती.

दोघींचं जुळलं नाही की तिसऱ्याकडे द्यायचं, हा आमचा नियम. सकाळच्या पाळीतल्या सहकाऱ्याने बाईंना पाहिलेलं नव्हतं, आमची उत्तरंही त्याला दाखवली नाहीत. त्याने दोन मिनिटांत ठरवलं. पाच.

रिपोर्टवर पाच लिहिलं. सोलापूरच्या डॉक्टरांना मी मुद्दाम फोन केला. "सर, पाचवी अगदी काठावरची आहे."

"मॅडम, चार असत्या तरी मी गुरुवारी तेच औषध देणार होतो," ते म्हणाले. ते खरंही होतं. पेशी कमी होत नाहीत म्हणून पहिल्या डोसनंतर लगेच केमो बदलली तर बायका जास्त जगतात का, हे अमेरिकेत १२३ रुग्णांवर तपासलं गेलं. २०१४ साली निकाल आला. फरक पडला नाही. आकडा पुढचं भाकीत सांगतो, पण कुठलं औषध चालेल ते सांगत नाही. "स्कॅन आहे पंधरा दिवसांनी, तेव्हा बघू. आणि त्यांच्या मुलाला तुम्हीच सांगा, तो माझ्यापेक्षा तुमचं ऐकतो."

मुलाला मी सांगितलं की पाच आल्या, रक्त परत काढलं तर तीन येतील किंवा सातही येतील, एका आकड्यावर रडायचं नाही. तो म्हणाला, "आणि बर्फ नाही."

महिन्याने पुढची ट्यूब आली. तोच थर्माकोलचा डबा, पण आत जुन्या लुगड्याची घडी, आणि घडीत कोरडी, कोमट ट्यूब. झाकणावर मार्करने आईचं नाव होतं. त्याच्याखाली, त्याहून मोठ्या अक्षरांत, 'बर्फ घालू नये.'