उद्यापनाची सोय

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की विमा एजंटाने आणून दिलेली रेक्झिनच्या पुठ्ठ्याची डायरी आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवायची नवी दिनदर्शिका अशा दोन वस्तू घरात येतात. येत्या वर्षाचे बेत मात्र डायरीतच उतरतात. पहाटे उठणे, रोज चालायला जाणे, साखर कमी करणे, महिन्याला एक पुस्तक वाचून संपवणे अशी यादी पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिली जाते. दिनदर्शिकेच्या वाट्याला दुधाचे खाडे, कामाच्या मावशींच्या सुट्ट्या आणि गॅसचे सिलिंडर लावल्याची तारीख एवढेच येते. वर्षाचे नियोजन खरे तर याच चौकटींत बसवून पाहावे, असे माझे मत होत चालले आहे.

जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केल्यापासून पंचांग सामान्य घराच्या भिंतीवर आले आणि दुधाच्या हिशेबाशेजारी एकादशी, चतुर्थी दिसू लागली. त्या पानाकडे नीट पाहिले, तर आपल्या बेतांची अडचण तिथेच छापलेली आढळते. पहिल्या जानेवारीपासून साखर सोडणाऱ्याला पंधरवडा पुरा व्हायच्या आत तिळगूळ घ्यावा लागतो. पहाटे उठण्याचेही तसेच आहे. पुण्या-मुंबईकडे वर्षातला सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याला, सात वाजून गेल्यावर होतो, आणि नेमका तोच महिना आपण लवकर उठण्याच्या शुभारंभासाठी निवडतो.

आपल्याकडे नेम धरण्याची जुनी वेळ आषाढी एकादशीची. तिथपासून कार्तिकीपर्यंतचे चार महिने म्हणजे चातुर्मास. लग्नकार्यांची आणि प्रवासाची धांदल त्या काळात पूर्वी कमी असे, पावसामुळे माणसे घरात असत आणि पोटही जरा जपूनच वागत असे. कोणी वांगे सोडी, कोणी एकभुक्त राही, कोणी जेवताना मौन पाळी, तर कोणी रोज देवापुढे गोपद्मे काढी. कांदालसूण सोडण्याच्या दोन दिवस आधी, आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमी साजरी करून भजी आणि थालीपीठे मनसोक्त खाण्याची मुभा होती. ज्या गोष्टीचा त्याग करायचा तिला आधी पोटभर निरोप देण्यात केवढा समजूतदारपणा आहे!

माझ्या आजीने एका चातुर्मासात लाख वातींचा नेम केला होता. लाखाला १२० दिवसांनी भागले की दिवसाला ८३३ वाती येतात. हा हिशेब तिने कागदावर मांडल्याचे मला आठवत नाही, पण दुपारची झाकपाक झाली की ती सरकी काढलेला कापूस पुढ्यात घेऊन बसे, बोटांना किंचित भस्म लावून वाती वळू लागे आणि शंभर झाल्या की दोऱ्याने जुडी बांधून डब्यात टाकी. पाहुणे आले तरी तिचे हात थांबत नसत, गप्पा आणि वाती बरोबरच चालत. एखाद्या दिवशी बसणे झाले नाही, तर पुढच्या चार दिवसांत दोन-दोन जुड्या जास्त होत आणि त्याचा कोणी गवगवा करत नसे. हल्ली फोनमधली ॲप्स सलग किती दिवस चाललात ते मोजतात आणि एक दिवस चुकला की आकडा पुन्हा शून्यावर आणून ठेवतात. आजीच्या डब्यात वळलेल्या वाती चुकलेल्या दिवसामुळे कमी होत नसत.

अर्थात या नेमांचा भार बहुतेक बायकांनीच उचलला, हेही सांगायला हवे. पुरुषाने कांदा सोडला, तरी त्याच्यासाठी वेगळी आमटी करायला चुलीपुढे बायकोच उभी असे.

तरीही त्या रचनेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, ती म्हणजे उद्यापन. नेमाला सुरुवातीइतकाच निश्चित शेवट होता. कार्तिकीनंतर सोडलेली वस्तू आधी दान करायची आणि मग स्वतः खायची, की नेम पुरा झाला. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि चातुर्मास २९ जूनच्या आषाढीपासून २३ नोव्हेंबरच्या कार्तिकीपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच महिने लांबला. त्या वर्षी वांगेप्रेमी नेमकऱ्यांचे हाल झाले असतील, पण शेवटची तारीख त्यांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. ‘यापुढे रोज व्यायाम करायचा’ या निश्चयाला अशी तारीखच नसते. तो पुरा झाला असे कधी म्हणता येत नाही, तो फक्त मोडतो. पूजेचा संकल्प सांगताना गुरुजी संवत्सर, महिना, तिथी, गोदावरीचा कोणता तीर आणि यजमानाचे नाव-गोत्र एवढे सगळे उच्चारून मग हातावरून ताम्हनात पाणी सोडायला लावतात. आपण मात्र कुठे, किती वाजता आणि कधीपर्यंत, हे काहीच न ठरवता व्यायामशाळेची वर्षाची वर्गणी एकरकमी भरून मोकळे होतो.

म्हणून येत्या वर्षासाठी आमच्या घरी संक्रांत ते गुढीपाडवा एवढ्याच टप्प्याचे बेत आखले आहेत. पाडवा मार्चअखेरीस पडो की एप्रिलमध्ये, हा काळ दोन ते तीन महिन्यांचा होतो, थंडी ओसरत जाते आणि तिळगूळही एकदा खाऊन झालेला असतो. मे महिन्यात आंबे आणि पाहुणे असल्यामुळे तिथे कोणताही नेम ठेवलेला नाही. मी रोज संध्याकाळी भाजी आणायला स्कूटर न काढता पायी जाणार आहे. ह्यांनी रात्रीच्या जेवणानंतर फोन दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवण्याचे कबूल केले आहे. पाडव्याला श्रीखंडाने उद्यापन करायचे, हेही ठरले आहे.

आमच्या चिरंजीवांनी सर्वांत आधी पुढे येऊन आपण पाडव्यापर्यंत कारले सोडत असल्याचे जाहीर केले. कारल्याची भाजी पाहिली की त्याचे तोंड कसे होते, हे घरात सर्वांना माहीत आहे. सासूबाईंनी शांतपणे मान डोलावली आणि म्हणाल्या, “सोड की. पण सोडलेली वस्तू उद्यापनाला खावी लागते हो. पाडव्याला सकाळी कडुनिंबाची पानं असतातच, त्यांच्याबरोबर तुला वाटीभर कारल्याची भाजी वाढीन, श्रीखंड त्यानंतर.” त्याने विचार करायला संक्रांतीपर्यंत मुदत मागून घेतली आहे.