अठ्ठावीस मिनिटांची श्रुतिका, पाच महिन्यांचे आवाज

आमच्या वाचनालयातील काही मंडळींनी मिळून एक विज्ञान-श्रुतिका लिहिली आणि बेळगाव परिसरातील एका महाविद्यालयाच्या सामुदायिक रेडिओ केंद्राने ती प्रसारित करण्याची तयारी दाखवली. मंगळावरच्या एका निवासात अडकलेली तीन माणसे, हळूहळू संपत चाललेली वीज, आणि बाहेरून कोणीतरी भिंतीवर ठोकत असल्याचा भास, एवढेच तिचे कथानक होते. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे "ध्वनी हा तुमचाच धडा" असे म्हणत ध्वनिसंयोजनाचे काम सर्वांनी मिळून माझ्या गळ्यात घातले. संवादांचे मुद्रण दोन रविवारांत आटोपले. आवाजांना मात्र पाच महिने लागले.

पहिल्या खेपेला मी बहुतेक जण करतात तेच केले. इंटरनेटवर फुकट मिळणारे तयार आवाज घेतले, यानाची घरघर म्हणून एक, दार उघडण्याचा एक, संगणकाच्या टिकटिकीचे दोन-तीन, आणि ते संवादांखाली पसरून टाकले. केंद्रातील ध्वनिमुद्रकांची मातृभाषा कन्नड असून त्यांना मराठी कामापुरते कळते. त्यांनी तीन मिनिटे ऐकून हेडफोन काढला आणि शांतपणे म्हणाले, "सर, हे वरातीतल्या डीजेसारखं वाटतंय की ओ." शिवाय निवासाची म्हणून मी जी घरघर लावली होती, तिच्याबद्दल त्यांनी केबल तपासायला सांगितली. त्यांचे म्हणणे रास्त होते. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते आणि माझी घरघर नेमकी त्याच पट्टीत बसली होती. ऐकणाऱ्याला ती मंगळाची न वाटता बिघडलेल्या अॅम्प्लिफायरचीच वाटणार.

त्यानंतर मी महिनाभर काहीही मुद्रित केले नाही, फक्त वाचत आणि ऐकत राहिलो. लंडनमध्ये बीबीसीने १९५८ साली रेडिओफोनिक वर्कशॉप सुरू केले, डॅफ्नी ओरम आणि डेस्मंड ब्रिस्को यांच्या पुढाकाराने, ते मुळात रेडिओ नाटकांना लागणाऱ्या अशाच अडचणीच्या आवाजांसाठी. १९६३ साली सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' या मालिकेचे शीर्षकसंगीत रॉन ग्रेनर यांनी रचले, पण ते प्रत्यक्ष ध्वनीत उतरवले डेलिया डर्बीशायर यांनी. सिंथेसायझर अजून बाजारात यायचा होता. एका छेडलेल्या तारेचा आवाज, चाचणीसाठी वापरायचे ऑसिलेटर, म्हणजे एकसुरी स्वर काढणारी यंत्रे, आणि गाळलेला खरखराट एवढ्या भांडवलावर एकेक स्वर फितीवर घ्यायचा, ती फीत स्वराच्या लांबीएवढी कापायची आणि तुकड्याला तुकडा चिकटवायचा, असे ते काम होते. सेकंदाला १५ इंच या वेगाने फीत धावत असेल, तर अर्ध्या सेकंदाचा स्वर म्हणजे साडेसात इंचांचा तुकडा. डर्बीशायर केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकल्या होत्या, हे त्या हिशेबाकडे पाहिले की पटते. त्याच मालिकेतील कालयानाचा प्रसिद्ध आवाज ब्रायन हॉजसन यांनी एका मोडक्या पियानोच्या खर्जाच्या तारांवर घराची किल्ली घासून मिळवला होता. हे वाचले तेव्हा मला माझी चूक कळली. मी परक्या जगाचे आवाज परक्या ठिकाणी शोधत होतो, आणि ही मंडळी मात्र घरातली किल्ली घेऊन बसली होती.

आवाज कुठून घ्यायचे हे ठरण्याआधी मंगळावर काय ऐकू येईल हे ठरवणे भाग होते, आणि तिथे आमच्या लेखकाशी माझा वाद झाला. संहितेत 'घोंघावणारे प्रचंड वादळ' असे तीन ठिकाणी लिहिले होते. मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, त्यामुळे तिथले वेगवान वारेसुद्धा आपल्याकडच्या झुळकीइतकाच जोर लावतात. २०२१ साली परसेव्हरन्स यान तिथे उतरले, त्याच्यावर मायक्रोफोन आहेत, आणि त्यांनी टिपलेल्या आवाजांवरून दोन गोष्टी समजल्या. आपल्याकडे ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर तिथे खालच्या पट्टीचा ध्वनी सुमारे २४० आणि वरच्या पट्टीचा सुमारे २५० मीटर जातो; आणि कार्बन डायऑक्साइडच्या त्या विरळ हवेत उंच पट्टीचे आवाज फार लवकर विरून जातात. म्हणजे मंगळ हा गोंगाटाचा ग्रह नसून कानावर जाड घोंगडी पांघरल्यासारखा ग्रह आहे. लेखक म्हणाले, "सर, श्रोत्याला वादळ ऐकू आलं नाही तर तो घाबरणार कसा?" प्रश्न खरा होता. शेवटी आम्ही असे ठरवले की वारा ऐकू येणार नाही, वाऱ्याबरोबर येणारी धूळ भिंतीवर आपटताना ऐकू येईल. निवासाच्या आत पृथ्वीसारखी हवा असल्याने आतले संवाद नेहमीसारखे राहतील, आणि बाहेरचे जे काही असेल ते भिंतीच्या पत्र्यातून, दबक्या आणि खालच्या पट्टीत पोहोचेल.

ही धूळ स्वयंपाकघरात मिळाली. स्टीलची परात पालथी घालून तिच्या आतल्या बाजूला मी एक पायझो चकती चिकटवली. गजर वाजवणाऱ्या छोट्या बझरमध्ये असते तीच ही पितळी चकती. ती हवेतला आवाज घेत नाही, ज्या वस्तूला चिकटते तिचे कंपन घेते. मग वरून बारीक रवा चिमटीचिमटीने सोडला. पहिल्या दिवशी अर्धा किलो रवा घरभर झाला, आणि त्या रव्याचा शिरा होणार नाही, असे सौभाग्यवतींनी मला स्वच्छ शब्दांत सांगितले. पण तो आवाज निम्म्या वेगाने वाजवल्यावर जे ऐकू आले, ते आम्हा दोघांनाही क्षणभर बोलू देईना. वेग निम्मा केला की आवाज एक सप्तक खाली उतरतो, हे मी मुलांना वर्षानुवर्षे फळ्यावर सांगत आलो आहे. त्याने अंगावर काटा येतो, हे मला त्या दिवशी कळले.

बाहेरून ठोकण्याचा आवाज लोखंडी कपाटाच्या पाठीवर मोजा चढवलेल्या मुठीने घेतला. दाब-कक्षाच्या दारासाठी कुकरची शिटी चिमट्याने उचलून सोडलेली वाफ आणि खडे बाजारात रात्री दुकाने बंद होताना ओढलेले एक शटर, असे दोन आवाज एकावर एक ठेवले. संदेशयंत्राचा 'प्यूंऽऽ' असा घसरत जाणारा स्वर गच्चीवर मिळाला. आमच्याकडे दूरदर्शनच्या काळातील अँटेनाचा खांब अजून उभा आहे आणि त्याला तारेचे ताण दिलेले आहेत. ताठ तारेवर ठोका दिला, की कंपनातले उंच पट्टीचे तरंग पुढे पळतात आणि खालच्या पट्टीचे मागून येतात. त्यामुळे एकच ठोका दुसऱ्या टोकाला वरून खाली घसरणाऱ्या स्वरासारखा पोहोचतो. माझी तार आखूड असल्याने तो घसरा अगदी क्षणभराचा होता, पण चौपट सावकाश केल्यावर पुरेसा ताणला गेला.

निवासाच्या संगणकाचा आवाज एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी दिला होता. त्याला यांत्रिकपणा आणण्यासाठी रिंग मॉड्युलेशन केले, म्हणजे त्यांच्या आवाजाचा ३० हर्ट्झच्या एका स्वराशी गुणाकार केला. असे केल्यावर मूळचा २०० हर्ट्झचा स्वर नाहीसा होऊन त्याच्या जागी २३० आणि १७० असे दोन स्वर येतात. कानाला ते मानवी वाटत नाही. पण 'प्राणवायूची पातळी' हे शब्द 'पाताली' असे ऐकू येऊ लागले आणि बाई नाराज झाल्या. ज्यांनी आयुष्यभर मुलांकडून 'ळ' घोटून घेतला, त्यांची ती तक्रार मला मान्य करावीच लागली. गुणाकार केलेल्या आवाजाखाली मूळ आवाज निम्म्या प्रमाणात मिसळला तेव्हा 'ळ' परत आला.

आता सर्वांत महत्त्वाचा आवाज उरला होता. २८ मिनिटे ज्याच्यावर सगळे तरंगणार, तो निवासाच्या यंत्रांचा. आम्ही वडगावात राहतो आणि शेजारी साड्यांचे यंत्रमाग आहेत. तो खडखडाट मी इतकी वर्षे ऐकत आलो आहे, की तो ऐकूच येत नाही. एका दुपारी वीज गेली आणि माग थांबत गेले, तेव्हा मी वहीतून मान वर केली. मोटार आधी सोडून देते, मग आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचे ठोके लांबत जातात, आणि शेवटचा ठोका अर्धाच होतो. आमच्या संहितेतील शेवटचा प्रसंग अगदी असाच होता.

मागवाल्या मामांनी परवानगी दिली, पण त्यांना माझ्या डोक्याविषयी शंका आली असावी. "ह्यात काय ऐकणार ओ सर? हे बंद पडलं तर लोक खूश होतात," ते म्हणाले. मी मागाच्या लोखंडी पायाला चकती लावून चालू माग, थांबणारा माग आणि पुन्हा सुरू होणारा माग असे तिन्ही मुद्रित केले. ठोके मोजले तर मिनिटाला ११२ भरले. चौपट सावकाश केल्यावर ते २८ झाले, आणि खडखडाटाचे रूपांतर एखाद्या अवजड प्राण्याच्या श्वासोच्छ्वासात झाले. त्याच्याखाली मी ६६ आणि साडेसहासष्ट हर्ट्झचे दोन स्वर जोडले. त्यांच्यातील अर्ध्या हर्ट्झच्या फरकामुळे दर दोन सेकंदांनी आवाज फुगतो आणि ओसरतो. शिवाय ही पट्टी विजेच्या घरघरीपासून पुरेशी दूर आहे.

संगीताबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण ते बहुतेक काढूनच टाकावे लागले. तंबोऱ्याचा झंकार दोन सप्तके खाली नेला, तर जवारीचा तो झणत्कार फार सुंदर लागला, पण गटातील सगळ्यांचे एकमत पडले की आता कोणीतरी अभंग सुरू करणार. कुमार गंधर्वांचे जन्मगाव सुळेभावी ज्या जिल्ह्यात आहे, तिथे तंबोरा ऐकून मंगळ आठवावा अशी अपेक्षा करणेच चूक होते. मी तारा छेडण्याचे क्षण कापून फक्त मागे उरणारी आस ठेवली, आणि तीही दोनच ठिकाणी.

दुसऱ्यांदा फाईल दिली तेव्हा मी निश्चिंत होतो. हेडफोनवर निवासाची घरघर दोन्ही कानांच्या बाहेरपर्यंत पसरत होती, कारण तिला रुंदी यावी म्हणून मी डाव्या बाजूचा तरंग उजव्या बाजूला उलटा करून ठेवला होता. केंद्राचे प्रसारण मात्र मोनो आहे, म्हणजे डावी-उजवी बाजू वेगळी नसते. ध्वनिमुद्रकांनी दोन्ही बाजू एकत्र केल्या आणि घरघर साफ नाहीशी झाली. जिथे एका तरंगाचा माथा होता तिथे दुसऱ्याचा खळगा, बेरीज शून्य. तरंगांचे हे परस्परविलोपन मी दरवर्षी शिकवतो, म्हणून मला अधिकच लाज वाटली. त्यांनी हसू आवरले, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मग त्यांनी तीच फाईल खिशात मावणाऱ्या एका रेडिओच्या स्पीकरवर लावून दाखवली. एवढ्याशा स्पीकरला ६६ हर्ट्झ पेलतच नाही. त्यांनी सुचवल्यावरून मी त्या स्वराचे १३२, १९८ आणि २६४ हर्ट्झचे उपस्वर, म्हणजे त्याच्या दुप्पट, तिप्पट आणि चौपट वारंवारतेचे स्वर, वर चढवले. हे उपस्वर ऐकू आले, की मूळ स्वर वाजत नसतानाही कान तो स्वतःच भरून काढतो. त्या दिवसापासून प्रत्येक बदल मी आधी त्या छोट्या रेडिओवर आणि मग हेडफोनवर ऐकला. तिसरी फाईल त्यांनी पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "शब्द सगळे कळले नाहीत, पण दार कधी उघडलं ते कळलं."

प्रसारण एका रविवारी संध्याकाळी झाले. आमच्या ओट्यावर दहा-बारा माणसे बसली होती आणि मामाही आले होते. शेवटच्या प्रसंगात यंत्रांचा श्वास लांबत लांबत थांबला, तेव्हा कोणी बोलले नाही. सगळे उठून गेल्यावर मामा मागे राहिले आणि म्हणाले, "सर, तो माझा तिसरा माग न्हवं? दर दुसरा ठोका मऊ येतोय त्याचा. पिकर खराब झालाय. एवढ्या घाईत आम्हाला ते ऐकू येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी पिकर, म्हणजे धोट्याला फटका देणारा मागाचा तो भाग, बदलला. श्रुतिकेचा दुसरा भाग आता लिहून होत आला आहे आणि त्यात तेच निवास आहे, पण तो माग आता वेगळा वाजतो. त्यामुळे जुन्या मुद्रणातला चाळीस सेकंदांचा तुकडाच मला फिरवून फिरवून पुरवावा लागणार आहे.