लग्नसराईच्या पैशातून पेन्शनचा हप्ता

ई-श्रम कार्ड काढलं की साठीनंतर आपोआप पेन्शन सुरू होते, असं आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांना अजून वाटतं. ते कार्ड म्हणजे असंघटित कामगार म्हणून नुसती नोंदणी. 2021 च्या ऑगस्टात पोर्टल सुरू झालं, मग सेवा केंद्रांवर रांगा लागल्या. मीही कार्ड काढलं, लॅमिनेट करून ठेवलंय. पण पेन्शन हवी तर वेगळा अर्ज करावा लागतो आणि वर्षानुवर्षं पदरचे पैसे भरावे लागतात. तो अर्ज मी केला, त्याची ही हकीकत.

मी कराडला घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. अर्ज केला तेव्हा वय 35. आमचे हे छोटा हत्ती चालवतात, गाडी मालकाची. दोघांनाही पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. बचत म्हणजे भिशी. भिशीचे पैसे चुकत नाहीत, कारण गोळा करणाऱ्या काकू दिवेलागणीला दारात येऊन उभ्या राहतात आणि त्यांना "पुढच्या महिन्यात देते" म्हणायची कुणाची छाती नाही. पण भिशी लागली की ती शाळेच्या फीत जाते, दवाखान्यात जाते, गावच्या जत्रेत जाते. म्हातारपणापर्यंत त्यातला रुपया पोचत नाही.

आमच्यासारख्यांसाठी दोन योजना कळल्या. श्रमयोगी मानधन 2019 ची. असंघटित कामगार, वय 18 ते 40, महिन्याची कमाई 15,000 च्या आत. पस्तिशीत शिरलात तर महिना 150 रुपये भरायचे, तेवढेच सरकार घालतं आणि साठीनंतर महिना 3,000 मिळतात. दुसरी अटल पेन्शन, 2015 ची. तिथं हजारापासून पाच हजारांपर्यंत हवी ती पेन्शन निवडता येते, पण त्याच वयाला 3,000 साठी महिना 543 भरावे लागतात. (आयकर भरणाऱ्यांना 2022 च्या ऑक्टोबरपासून अटलमध्ये घेत नाहीत. ती अडचण आम्हाला येईल तो सुदिन.)

150 आणि 543 शेजारी ठेवले तर कुणीही मानधनच घेईल. माझ्या बहिणीने तेच घेतलं आणि मी तिला नावं ठेवणार नाही. मी अटलकडे वळले ते मुलीसाठी. मानधनात पेन्शन सुरू झाल्यावर मी गेले तर नवऱ्याला निम्मी पेन्शन, आणि दोघंही गेलो की पुढे मुलांच्या हाती काही नाही. अटलमध्ये जोडीदाराला पूर्ण पेन्शन आणि दोघांनंतर 3,000 च्या गटात वारसाला 5,10,000 रुपये.

घरात यावर भरपूर वाद झाला. ह्यांचं म्हणणं, पंचवीस वर्षांनी तीन हजारांत काय येणार? म्हणणं खोटं नाही. आई शिवायची तेव्हा साध्या ब्लाउजला 15 रुपये शिलाई होती. आज मी अस्तराच्या ब्लाउजला 350 घेते आणि तरी बायका घासाघीस करतात. तेव्हा या तीन हजारांवर घर चालणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. औषधं आणि गॅस सिलिंडर सुटला तरी बास. मुलीपुढे दर महिन्याला त्यासाठी हात पसरायला लागू नये, इतकाच माझा हिशोब.

अर्ज करायला बँकेत गेले आणि खरा घोळ नावाचा निघाला. बँकेतलं खातं लग्नाआधीचं, माहेरच्या नावाचं. आधार सासरच्या नावाचं. काउंटरवरच्या मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "आधी खात्यावरचं नाव बदला. विवाह नोंदणीचा दाखला आणा." आमच्या लग्नाची नोंदणीच नव्हती. गावाकडच्या लग्नात मांडव, आचारी, वाजंत्री सगळ्याची आठवण राहते, नोंदणीची राहत नाही.

गावात ही नोंदणी ग्रामपंचायतीत होते. दोघांचे फोटो, वयाचे दाखले, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या भटजींची सही आणि लग्नपत्रिका. पत्रिका सासूबाईंच्या ट्रंकेत सापडली, हळदीच्या डागासकट. पण तीत माझं घरातलं लाडाचं नाव छापलेलं! वडिलांनी हौसेनं "चि. सौ. कां." लावून तेच दिलं होतं. मग दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. भटजी आता पुण्याला मुलाकडे असतात. ते श्रावणात गावी येईपर्यंत थांबणं आलं. दाखला हातात पडला, खात्यावरचं नाव बदललं, तोवर दिवाळी जवळ आली होती. दिवाळीत मला श्वास घ्यायला फुरसत नसते, त्यामुळे अर्ज उन्हाळ्यावर ढकलला.

ते एका अर्थी बरंच झालं. मधल्या काळात बहिणीचे हाल बघितले. तिचा हप्ता दर महिन्याला ठरलेल्या तारखेला खात्यातून आपोआप कापला जातो. नोकरदाराच्या खात्यात एक तारखेला पगार असतो. आमच्याकडे लग्नसराईत रात्री दोनपर्यंत मशीन चालतं आणि पितृपक्षात दिवसाला एक फॉल आला तरी नशीब. पैसे येतात तेही हातात येतात आणि हातातूनच किराणा दुकानात जातात. खात्यात नेमक्या दिवशी पैसे नसतात, हप्ता राहतो, पुढे साचलेले एकदम कापले जातात, मग ती आमच्याकडे उसने मागायला येते.

म्हणून अर्जावरचा एक रकाना मी नीट विचारून घेतला. अटलमध्ये हप्ता महिन्याला, तिमाहीला किंवा सहामाहीला भरता येतो. बँकेतल्या साहेबांनी सवयीने महिन्याच्या चौकटीत खूण केली होती. मी नवा फॉर्म मागितला आणि सहामाही केली. रक्कम सहा महिन्यांच्या बेरजेपेक्षा थोडी कमीच पडते, सव्वातीन हजारांच्या आत. पहिला हप्ता मेमध्ये, लग्नसराईच्या पैशातून. पुढचा नोव्हेंबरात, दिवाळीच्या शिलाईतून. उशीर झाला तर शंभराला महिना एक रुपया दंड आहे, पण या दोन महिन्यांत माझं खातं रिकामं नसतं.

त्याच वेळी आणखी दोन कागद सहीसाठी पुढे आले, जीवन ज्योती (आयुर्विमा) आणि सुरक्षा विमा (अपघाताचा), वर्षाला 436 आणि 20 रुपये. दोन्ही चांगले आहेत, मी घेतलेही. पण त्यांचा हप्ता मे महिन्याच्या शेवटी कापतात हे मी विचारलं तेव्हा कळलं. सही करताना पैसे कधी जाणार हे विचारा. ते आपणहून कुणी सांगत नाही.

ह्यांचं वय 43, त्यामुळे दोन्ही योजनांची दारं बंद. त्यांच्यासाठी पोस्टात पीपीएफ, म्हणजे सरकारी बचत खातं, उघडलं. वर्षाला किमान 500 भरायचे, ठरलेली तारीख नाही, गाडीला भाडी चांगली लागली की टाकायचे. पंधरा वर्षांनी त्याची मुदत भरते, तोवर ते 58 चे होतील.

आता जाऊबाईंच्या मागे लागलेय. त्या 39 च्या आहेत, त्यांना याच 3,000 साठी महिना 792 पडतील, म्हणून त्या हजाराच्या पेन्शनचा, 264 चा विचार करतायत. चाळिशी उलटायच्या आत अर्ज गेला पाहिजे. त्यांचं आधार आणि पासबुक एकाच नावाचं आहे, मी आधी तेच बघून घेतलं.